बिनवासाचा लसूण

माझ्यावर या घरात एकदा लसणाचा आळ आला होता. चोरीचा आला असता तर मी हसून सोडून दिला असता. पण आमचं घर सांगलीच्या जैन गल्लीतलं, हळदीच्या व्यापाऱ्याचं. कांदा, लसूण, बटाटा यांतलं काही उंबऱ्याच्या आत आलेलं कुणाला आठवत नाही. जमिनीखाली वाढतं ते कंदमूळ, त्यात अनंत जीव, ते तोंडात घालायचं नाही, हे आम्ही चालायच्या आधी शिकतो. अशा घरातल्या सुनेच्या हातात लसूण दिसला म्हणजे तिनं माहेरचा रस्ता धरायचा.

आणि हा सगळा घोळ झाला एका लिलीपायी.

रानातल्या लिलींचं वेड मला दादांनी लावलं. दादा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याला शाळामास्तर होते. पावसाळा उतरला की मला घेऊन डोंगरावर जायचे. बागवानानं फुगवलेली, रंग चढवलेली फुलं त्यांना मुळीच आवडत नसत. "डोंगरानं घडवली तशीच हवी, त्रिशला. माणसाची ढवळाढवळ नको," म्हणायचे. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत एक गदांबीकांदा, म्हणजे रानातल्या लिलीचा कंद, होता. पाच वर्षांत मी परसात नागदवणा या लिलीचे तीन प्रकार जमवले, आणि गोठ्याच्या कुडावर कळलावी चढवली. कळलावी दारात लावली की घरात भांडणं लागतात म्हणतात. आमच्या घरात त्या कामाला वेगळ्या वेलीची गरज नव्हती, पण सासूबाईंना मी तिचं नाव अग्निशिखा सांगून ठेवलं होतं. प्रत्येक झाडापाशी पत्र्याची पट्टी, तिच्यावर खिळ्यानं कोरलेलं गाव आणि साल. माझ्याइतका संग्रह त्या वेळी सांगलीत कुणाकडे नव्हता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात, नात्यात असो नसो. आत्याबाईंनी ही झाडं पाहिली ती पानाफुलांनिशी. मातीखाली काय आहे ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. फुलं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवापुढं जात, त्यामुळे त्यांची तक्रार नसे.

जपानशी लढाई संपली त्याच्या पुढच्या पौषात सयाजी आला. हा शिराळ्याकडचा, मराठा पलटणीतला. त्याच्या बापाची हळद आमच्याच वखारीत यायची. तो पलटणीत जाताना मी त्याला गमतीनं म्हटलं होतं, कुठं वेगळी लिली दिसली तर आण. मी विसरले होते, तो विसरला नव्हता. खाकी पिशवीतून त्यानं जेवणाचा पत्र्याचा डबा काढला. डब्यात वाळू, आणि वाळूत कंद.

"मणिपूरच्या डोंगरावर गावली वैनी," तो म्हणाला. "पांढरं फूल, आतनं गुलाबी, मान खाली घालून हुबं. लय हुती तितं. कॅप्टनसाब बी बघत ऱ्हायला."

मी कंद हातात घेतला आणि माझं काळीजच हललं. अशी लिली मी पुस्तकातसुद्धा पाहिली नव्हती. पण प्रवासात एक बाजू कुजली होती. आणखी चार दिवसांत सगळा गेला असता. उपाय एकच: कंदाच्या चांगल्या पाकळ्या बुडापासून एकेक सुट्ट्या करायच्या आणि ओलसर वाळूत रोवायच्या. दोन-तीन महिन्यांत पाकळीच्या बुडाशी इवलासा नवा कंद धरतो. दादांनी हे मला गदांबीवर करायला सांगितलं होतं; तिथं जमलं नाही, पण या कंदाच्या पाकळ्या आपणहून सुटायलाच बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागल्या सोप्यात पाट टाकून मी तेच करत बसले. पुढ्यात सूप, सुपात पांढऱ्या, बाकदार, टोकाला निमुळत्या पाकळ्या. आता सांगा, बघणाऱ्याला काय वाटेल?

"अगं बया!" आत्याबाई दारात उभ्या. "काय सोलतीस गं हे?"

"लिलीचा कंद आहे, आत्याबाई."

कंद हा शब्द मी उच्चारायला नको होता.

"लसूण हाय ह्यो! माज्या सोप्यात लसूण!"

"लसूण नाही. वास घेऊन बघा."

"मी कशाला हुंगू? साठ वर्सांत लसूण हुंगला न्हाई मी." मग त्यांचे डोळे बारीक झाले. "आन् तुला गं कसं ठाव, लसणाचा वास कसा असतोय त्यो?"

इथं मी अडकले. साताऱ्याला आमच्या शेजारी रोज लसणाची फोडणी पडायची, भिंतीपलीकडून वास यायचा. पण हे सांगायचं म्हणजे आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घ्यायचा. मला राग आला, आणि राग आला की मी गप्प बसत नाही.

"आणि वखारीत हळदीची पोती आहेत ती काय झाडाला लागतात?" मी म्हटलं.

"वाळली की हळद कंद ऱ्हात न्हाई. मला शास्तर शिकवू नगंस!"

हळद निवडायला येणारी राहीबाई आवाज ऐकून आली. तिनं एक पाकळी उचलली, नाकाशी धरली. "आवं न्हाई वो आक्का, लसूण कुटला? वास कुठाय ह्याला?"

"तू हिच्या हातचा च्या पितीस, तू हिच्याच वानी बोलणार. आमच्या घरचं मानूस सांगू दे." आत्याबाईंनी पदर खोचला. "न्हाईतर आजपासनं हिचा हात सैपाकघरात लागायचा न्हाई. हिच्या बापाला पत्र धाडते, येऊन घिऊन जा म्हनावं. राहीबाई, खुरपं आन. परसातलं हिचं समदं उपटून काढ. त्येच्या खाली बी हेच असणार!"

राहीबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी सूप पुढ्यात ओढलं. ती खुरपं घेऊन नागदवण्यापाशी जाऊन बसली. पाच वर्षांचं माझं सगळं तिथं होतं.

घरचं माणूस दारातच उभं होतं. धरणेंद्र, माझे यजमान. नाव आता लिहिते आहे, तेव्हा घेत नव्हते. हळदीचे नमुने घेऊन हे महिन्यातून दोन खेपा कराडला जायचे, आणि कराडच्या खाणावळीत भाकरीबरोबर लसणाची चटणी खायचे. घरी येताना गालात लवंग असायची. मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. मी हूं की चूं केलं नव्हतं. बाई नवऱ्याचं झाकते, त्यात काही विशेष नाही. पण आज मी यांच्याकडे पाहिलं आणि हे पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभे राहिले.

मला एक वाक्य बोलायचं होतं, 'यांना विचारा'. तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं. दुसऱ्याचं पाप पुढं करून माझी लिली वाचवायची नव्हती मला. पण खरं सांगते, त्या घटकेला तो माणूस मला इतका नकोसा झाला की बापाला पत्र लवकर जावं असंच वाटलं.

परसात खुरप्याचा पहिला घाव मातीत बसला.

"आई," हे म्हणाले. "लसूण न्हवं त्यो."

"तुला काय ठाव?"

"मी खाल्लाय."

राहीबाईचं खुरपं थांबलं. आत्याबाई यांच्याकडे वळल्या.

"कवा?"

"कराडला. दर खेपेला. पाच-सा वर्सं झाली." या वेळी मान वर होती. "लसूण कसा दिसतो, कसा लागतो, समदं ठाव हाय मला. ह्यो लसूण न्हाई. तिला बोलू नगंस. बोलायचं ते मला बोल."

आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या. मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "म्हंजे त्यो वास लसणाचा?"

"कुठला वास?"

"कराडास्नं आलास की तुज्या तोंडाला येतो त्यो! मला वाटलं पोट नासलंय पोराचं. ओवा दिला, हिंग दिला. तुज्या पोटासाटी चार वर्सं मी तूप सोडलंय रं, देवापुढं नेम घिऊन!"

राहीबाईनं तोंडाला पदर लावला. माझी मात्र हसायची छाती झाली नाही. चार वर्षं ही बाई कोरडी भाकरी खात होती, आणि मला वाटत होतं, तिला तूप आवडत नाही.

मग आत्याबाई उठल्या. सुपातली एक पाकळी उचलली, नखानं मोडली आणि नाकाशी नेली. डोळे मिटून हुंगलं. पुन्हा हुंगलं. साठ वर्षांची शपथ मोडायला आता काही राहिलंच नव्हतं. लसणाचा वास त्या घरात सगळ्यांत जास्त त्यांनीच घेतला होता.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यो वास न्हवं ह्यो. राहीबाई, ऊठ तितनं."

निकाल तिथंच लागला. लिली सुटली. यांना महिनाभर सैपाकघरात पाऊल टाकायचं नाही, पुढच्या सोप्यात बसून एक वेळ जेवायचं, आणि रोज बस्तीत जाऊन माफी मागायची. दुपारी आत्याबाई पाटावर बसल्या, भाकरी मोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तूप वाढ." मी चमचा नाही, वाटीच ठेवली.

संध्याकाळपर्यंत बावीस पाकळ्या मी वाळूत रोवल्या. कुंडी विहिरीच्या सावलीत ठेवली. सांगलीच्या उन्हात ही लिली जगवणं सोपं नाही हे मला ठाऊक होतं, आणि मी ती जगवणार हेही ठाऊक होतं.

मग यांचं ताट घेऊन मी पुढच्या सोप्यात गेले. हे भिंतीला टेकून घोंगडीवर बसले होते, अंग चोरून, पाहुण्यासारखे. गल्लीतली माणसं येता-जाता आत डोकावत होती. यांनी ताट घेतलं आणि विचारलं, "किती पाकळ्या निघाल्या?"

"बावीस."

"लागतील?"

"लागतील की."

हे जेवू लागले. आत माझी कामं पडली होती, तरी मी उठले नाही, तिथंच उंबऱ्यावर बसून राहिले. लग्नाला पाच वर्षं झाली होती. नवरा मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.