जिन्याखालची गादी

जिन्याखालची अडगळ तिने एकटीने उपसली होती. गंजलेली सायकल भंगारात घातली, भिंतीला पिवळा रंग दिला, जुन्या पडद्यांची खोळ शिवून गादी टाकली आणि लेकीचा हात पोचेल अशा फळीवर गोष्टीची पुस्तकं मांडली. नवऱ्याने तेव्हा इकडची काडी तिकडे केली नव्हती. आता मात्र तो कोपरा त्याला भलताच सोयीचा झाला होता, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

त्या संध्याकाळी कामावरून आल्या आल्या ती लेकीला म्हणाली, "चल, आपल्या कोपऱ्यात बसू."

पोरीचा चेहरा पडला. "मी आज काय केलं?"

"अगं, दूध सांडलं, उलट बोलली, की मी तिला तिथे वाचत बसवतो," मोबाइलमधून मान वर न काढता नवरा म्हणाला. "तेवढंच वाचन होतं. त्यात काय बिघडलं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी मरमर राबले ती तुला कोठडी बांधून द्यायला नाही. ठेव तो मोबाइल. जा, बस तिथे. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

तो हसत उठला, पण तिचा चेहरा पाहून गुमान जाऊन बसला.

लेक हळूच त्याच्यापाशी गेली, एक पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं आणि कानाशी लागून म्हणाली, "बाबा, रडायचं नाही हं. रडलं की अजून एक वाचावं लागतं."