शिडाच्या होडीला नको झालेलं इंजिन

मी रोह्याच्या खाडीकाठी, माडाच्या झापाखाली पडलेलं डिझेल इंजिन बोलतोय. घटकाभर टेका, लांबण लावणार नाही.

पेणजवळच्या भातगिरणीत मी वीस वर्षं राबलो. गिरणी विजेवर गेली आणि मी रोह्यात इंजिनं दुरुस्त करणाऱ्या गोविंदा मिस्त्रीच्या शेडमध्ये येऊन पडलो.

तिथे हैबतराव आले. जवळच्याच धाटावच्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांनी शिडाची होडी बांधायला काढली होती. किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायचं होतं. वारा पडला तर घरी आणील असं इंजिन हवं होतं. मुलगा आदर्श मोबाइलवर नवी, बटणाची इंजिनं दाखवी.

"त्यात नुसत्या वायरी हायत. खारं पाणी लागलं की संपलं," हैबतराव म्हणाले. "याला हँडल मारलं की झालं. सामानही पेणला मिळतं."

चार इंजिनं पाहून त्यांनी माझ्यावर हात ठेवला. तो हात अजून आठवतो.

त्यांच्या पत्नी सरूताई उपासतापास करणाऱ्या. समुद्राची त्यांना धास्ती. मला होडीत बसवलं, त्या सकाळी त्यांनी लाल कापडात सुपारी आणि खोबऱ्याची वाटी बांधली. "ह्यांना सुखरूप आण, मग मीच येऊन गाठ सोडीन." नवरा चेष्टा करील म्हणून ती पुरचुंडी त्यांनी माझ्या एका पोकळ नळीत सरकवली. त्यांना ती नळी भिंतीतल्या देवळीसारखी वाटली असेल. माझं ते नाक होतं हो! त्यातूनच मी हवा घेतो.

हळू चाललो तोवर ठीक होतं. वेग वाढवून होडी ओढायची वेळ आली आणि मला धाप लागली, काळा धूर निघाला. भरती उतरत होती. गोविंदाला उघडून बघायला उसंत मिळाली नाही.

"बाबा, हे म्हातारं तुम्हालाच वल्हं मारायला लावणार!" आदर्श हसला.

हैबतरावांनी हँडल काढून ठेवलं. आठवड्यात माझ्या जागी बटणाचं इंजिन आलं आणि मी इथे झापाखाली आलो.

पहिल्याच फेरीत खाडीच्या मुखाशी वारा पडला. बापलेकांनी बटण दाबून दाबून पाहिलं, पण खारं पाणी लागलेलं इंजिन काही उठलं नाही. होडी खडकावर गेली. कोळ्यांनी दोघांना वाचवलं. होडी मात्र फुटली.

तिसऱ्या दिवशी सरूताई उपाशीपोटी नवस फेडायला आल्या. मागोमाग हैबतराव. नळीतून चपटी झालेली पुरचुंडी निघाली.

"ही हितं कशी गो?" हैबतरावांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच ठेवली व्हती..." सरूताई गाठ सोडू लागल्या.

ते रागावले नाहीत. डिझेल ओतलं, हँडल मारलं. मी पहिल्याच फेऱ्याला उठलो. पुरा वेग दिला तरी काळा धूर नाही, धाप नाही. सरूताईंनी पदर तोंडाला लावला.

"दम व्हता गो याच्यात," म्हणत हैबतरावांनी मला बंद केलं. ते पुन्हा खाडीकडे फिरकले नाहीत.

सरूताई मात्र दर सोमवारी येतात. दिवा लावत नाहीत, फूल वाहत नाहीत. पदराच्या टोकानं त्या नळीचं तोंड तेवढं पुसून जातात.

कुणी पुन्हा होडी बांधलीत, तर माझ्याकडे या. आधी मला एकदा मोकळा श्वास घेऊ द्या. मग हवं तर नको म्हणा.