मशीनखालची भाची

मुलांचं घरात कसं चाललंय हे तपासायला मी एका बालकल्याण संस्थेतर्फे लोकांच्या घरी जाऊन बसते. नियम कडक आहे: कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं, तोंड उघडायचं नाही, हलायचं नाही. मोठं माणूस मुलाशी बोललं, हसलं, त्याला जवळ घेतलं, की गुण द्यायचे. माझ्यासारख्या बडबड्या बाईला ही शिक्षाच, पण पगार त्याचाच मिळतो.

त्या दिवशी घर एका शिंप्याचं होतं. बहीण वारल्यावर तिची चार वर्षांची मुलगी त्याच्याकडे आली होती. आई गेल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. तिने मामाकडे राहावं की बालगृहात जावं, हे संस्था माझे गुण बघून ठरवणार होती.

मामा माझ्याकडे पाठ करून मशीनवर बसला तो बसलाच. भाची मशीनखाली शिरली. तो बोलेना, ती बोलेना. खाली वाकून बघायचं नावही तो घेईना. माझा जीव नुसता वरखाली होत होता. अरे बाबा, भूक लागली का, एवढं तरी विचार! गुणांच्या नावाने भोपळा. दगड आहे हा माणूस, असं मनात म्हणून मी मोकळी झाले.

मशीन मात्र विचित्र चालत होतं. मध्येच भरधाव, मध्येच मुंगीच्या पावलांनी. शेवटी मला राहवेना. नियम गेला खड्ड्यात, म्हणत मी उठले आणि सरळ फरशीवर बसकण मारली.

मामाची पावलं पायडलवर होती आणि त्या पावलांवर पोरीचे तळहात. ती दाबायची, तसा तो वेग घ्यायचा. ती हात सैल सोडायची, तसा तो हळू व्हायचा. तिने डोळ्यांवरचे केस मागे सारले, तर तिचा हात परत येईपर्यंत त्याचे पाय थांबून राहिले. वर कुणाच्या तरी कोटाची बाही शिवली जात होती आणि एकही टाका वाकडा नव्हता. इतकी घरं पाहिली, पण दोन माणसं एकमेकांचं इतकं ऐकताना कधी पाहिली नव्हती. श्वाससुद्धा मी जपून घेत होते.

“तुम्ही तिच्याशी बोलत का नाही हो?” मी हळूच विचारलं.

“आईशी बोलत असेल ती मनातल्या मनात,” तो न वळता म्हणाला. “मी कशाला मध्ये तोंड घालू?”

मग त्यानेच मान वळवली.

“ताई, खरं सांगा. नेणार का हो तिला?”

विचारताना त्याचे पाय थांबले. खाली पोरीने दचकून वर पाहिलं. मग दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून, ती ते पाय दाबू लागली. सुई एकदा खाली गेली, वर आली.

“नाही,” मी फरशीवरूनच म्हणाले. “ती इथेच राहील. कुणाशी भांडायचं ते मी भांडते.”

मामाने गिऱ्हाइकाच्याच कोटाला डोळे पुसले. मशीन बराच वेळ पोरगीच चालवत होती.