दोन उभ्या रेघा

हे घडलं एकोणीसशे बाहत्तर साली. त्या साली शिवणकाम करणाऱ्या ताईंना पन्नासावं लागलं होतं आणि त्यांची धाकटी बहीण होती सेहेचाळीसची. धाकटीला लहानपणापासून सगळे ढब्बू म्हणत. लग्न झालं, मुलगा झाला, सून आली, तरी ढब्बूची ढब्बूच राहिली. चिडवलं की सगळ्यांच्या आधी तीच हसायची.

त्या वर्षी मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. तिला हर्निया झाला होता आणि सर्जननं सरळ सांगितलं होतं, "एवढ्या वजनाला भूल द्यायची माझी हिंमत नाही. बारा किलो उतरवा आणि या. मध्येच आतडं अडकलं, तर मग काही माझ्या हातात नाही."

ढब्बूनं चार महिने उपाशी राहून पाहिलं. दिवसा उपास, आणि संध्याकाळी कुणाचं लक्ष नसताना डब्यात हात. काटा जागचा हलेना. शेवटी नेहमीच्या डॉक्टरांनी भूक मारायच्या गोळ्या लिहून दिल्या. औषध आणायला ताई एकट्याच गेल्या होत्या.

"रोज सकाळी अर्धी," डॉक्टर बोट उगारून म्हणाले. "अर्धीच. हिनं काळीज धावायला लागतं. छातीत धडधडलं, झोप उडाली, तर गोळी बंद करायची आणि तडक इकडे यायचं."

विसरायला नको म्हणून ताईंनी कानामागची निळी पेन्सिल काढली आणि खोक्यावर दोन उभ्या रेघा मारल्या. ताईंच्या वडिलांनी त्यांना मापं लिहायला शिकवलं होतं तेव्हापासून एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यांची सगळी वही तसल्या रेघांनी भरलेली होती. छाती अडतीस आणि पुढं दोन रेघा, म्हणजे साडेअडतीस. त्यात काही समजावून सांगण्यासारखं असतं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

खोकं त्यांनी बहिणीच्या सुनेकडे दिलं. "ढब्बूचा भरवसा नाही. तुझ्या हातानं देत जा. वर लिहिलंय तेवढीच."

सून शहाणी, कामाला तत्पर. "हो मावशी," म्हणाली.

आठव्या दिवशी ढब्बू ताईंच्या दुकानात आली ती वाऱ्यासारखी. "ताई, टेप काढ! कपडे ढगळ झालेत माझे!"

ताईंनी कमरेला टेप लावली. साडेतीन इंच कमी! पण ढब्बू एका जागी उभी राहीना. कपाळावर घाम, ओठ कोरडे, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "तीन जिने न थांबता चढले. सगळी कपाटं आवरली. सून म्हणते, आई, जरा बसा. बसू कशाला?"

"झोप लागते का तुला?"

"झोपेचं काय घेऊन बसलीस? जन्मभर झोपलेच ना?"

मनगटाचं माप घेताना ताईंच्या अंगठ्याखाली नाडी आली. पिंजऱ्यातली चिमणी फडफडावी तशी. ताईंनी हात सोडलाच नाही.

"चल, डॉक्टरांना दाखवू."

"मुळीच नाही. ते गोळी बंद करतील. मग वजन कसं उतरायचं आणि ऑपरेशन कसं व्हायचं? ताई, तुला माझी शपथ. पहिल्यांदाच अंग हलकं वाटतंय गं."

त्या चेहऱ्याकडे पाहून ताई गप्प बसल्या. पुढं आयुष्यभर त्यांना टोचलं ते हेच.

आणखी आठ दिवसांनी सून रिकामं खोकं घेऊन दुकानात आली. "मावशी, गोळ्या संपल्या. नवीन आणायच्यात."

ताई कापड कापत होत्या. कात्री मध्येच थांबली. तीस गोळ्या. रोज अर्धी म्हणजे दोन महिने.

"संपल्या? सांडल्यास का कुठं?"

"छे! रोज मोजून देते. सकाळी दोन."

"दोन?"

"तुम्हीच लिहिलंय ना." सुनेनं खोकं पुढं केलं आणि रेघांवर बोट ठेवलं. "एक आणि दोन."

ताईंनी कात्री खाली ठेवली. चौपट! पंधरा दिवस चौपट.

"आज दिल्यास?"

"शेवटच्या दोन, आत्ताच. का हो मावशी?"

खोकं घेऊन, दुकान तसंच उघडं टाकून दोघी धावल्या. ढब्बू जिन्यात बसलेली सापडली. हातात ओलं फडकं, दुसरा हात छातीवर. "काही नाही गं," ती म्हणाली, "जरा धाप..." आणि पुढचं बोलताच येईना. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं.

नाडी दीडशेला टेकली होती. डॉक्टर कडाडले, "कुणी दिल्या एवढ्या?"

"मी," सून म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ताईंनी खाली पाहिलं. एक क्षण, अगदी एकच क्षण, त्यांना वाटलं, राहू दे तसंच. मग खोकं टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "तिनं माझं लिहिलेलं वाचलं. रेघा माझ्या. आणि नाडी मला आठ दिवसांपूर्वीच कळली होती. तेव्हा मी गप्प बसले."

डॉक्टर खोकं घेऊन वळले. आत गेले आणि दार लावून घेतलं.

ते दार दोन दिवस अधूनमधून उघडायचं आणि प्रत्येक वेळी ताई उठून उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी नाडी खाली आली. ढब्बू सलग चौदा तास झोपली. डोळे उघडल्यावर तिचा पहिला शब्द, "ताई, खायला काय आहे?"

ताई हसल्या की रडल्या, हे सुनेला सांगता येत नसे.

ती गोळी पुन्हा घरात आली नाही. ढब्बू रोज पायी ताईंच्या दुकानापर्यंत येऊ लागली, वाटेत सगळ्यांची विचारपूस करत. बारा किलोंना चौदा महिने लागले. ऑपरेशन झालं, आणि ती वयाच्या एकोणऐंशीपर्यंत जगली, नावाला साजेशी. डॉक्टर पुढं दुसऱ्या गावी गेले. सून औषधाच्या दुकानात कामाला लागली. गिऱ्हाईक वैतागलं तरी 'सकाळी अर्धी' असं अक्षरात लिहून, त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय पुडी सोडत नसे.

ताईंनी डोळे साथ देत होते तोवर कपडे शिवले. त्यांची वही सुनेकडे आहे. बाहत्तर सालच्या मध्यापर्यंत पानोपानी उभ्या रेघा आहेत. पुढं एकही नाही. तिथून पहिलं माप ढब्बूच्या कमरेचं, अक्षरात लिहिलेलं: साडेचव्वेचाळीस.