दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

बाबांच्या कामाच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअर सापडला तेव्हा मला वाटलं, कुणा गिऱ्हाइकाचा राहून गेला असेल. आमच्या घरात आणि संगीत? बाबा घड्याळजी. खोलीचं दार कायम बंद. बाहेर भांडं जरा जोरात ठेवलं तरी आतून डाफरायचे. आईला भांडी घासताना गुणगुणायची सवय होती. रोज तीच चाल, शब्दांशिवाय. आणि रोज आतून तेच, "बंद कर ते!" आई निमूट बंद करायची, मी धुमसत राहायचे.

आई जाऊन सहा वर्षं झाली. आता बाबांचे हात थरथरतात, म्हणून खोली रिकामी करायला मी आले होते. प्लेअर सुट्या भागांच्या खोक्यांमागे होता. त्याला हेडफोन जोडलेले, त्यांचा स्पंज झडून गेलेला. रेकॉर्ड एकच. बँडचं नाव मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. कव्हरवर लांब केसांचे पाच बाप्ये कुंपणाला टेकलेले, आत्ताच झोपेतून उठवल्यासारखे. मागे साल होतं, १९७४. रेकॉर्ड प्लेअरवरच होती, दुसरी बाजू वर. तिसऱ्या गाण्याचा पट्टा वाजून वाजून पांढुरका पडला होता.

मी हेडफोन उपटले आणि सुई नेमकी तिथे ठेवली. हळुवार गिटार, आणि दोघं गात होते ते इतकं मऊ की मला हसूच आलं. सॉफ्ट रॉक! आमचे बाबा!

मग धृपद आलं आणि माझं हसू विरलं. ती आईची चाल होती. जवळजवळ. दुसऱ्या ओळीच्या शेवटी गाणं वर चढत होतं. आई तिथे खाली उतरायची. मोरी या खोलीला लागूनच. त्या झिजक्या हेडफोनमधून, दाराच्या फटीतून जेवढं झिरपायचं, तेवढंच तिने उचललं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कव्हर घेऊन मी बाबांसमोर उभी राहिले.

"आई हेच गुणगुणायची. तुमचंच गाणं. मग तिच्यावर का खेकसायचात?"

बाबांनी कव्हर डोळ्यांजवळ नेलं, परत खाली ठेवलं. "चुकीचं म्हणायची ती. दुसऱ्या ओळीत. रोज. मला सहन व्हायचं नाही."

"मग एकदा दार उघडून तिला शेजारी बसवायचं होतंत! नीट ऐकवायचं होतंत! काय बिघडलं असतं?"

"तेव्हा सुचलं नाही."

सुचलं नाही! घड्याळातला केसाएवढा दोष हुडकून काढणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नाही. मी खोलीत परतले आणि मुद्दाम, आवाज पूर्ण वाढवून, तेच गाणं पाच-सहा वेळा लावलं. ऐकू देत म्हटलं सगळ्या शेजाऱ्यांना.

मग मोरीपाशी जाऊन आईसारखं गुणगुणायला गेले. दुसरी ओळ वर चढली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा वर. आईची ओळ काही केल्या येईना. बाबा बाहेर गेले की ती अख्खं म्हणायची, तेही आठवेना. त्या पाच बाप्यांनी एका दुपारीत सगळं पुसून टाकलं होतं. आईचा आवाज आमच्याकडे कशातच नाही. या घरात आवाज टिपून ठेवणार कोण? ती कशी चुकायची हे नेमकं ठाऊक असलेला एकच माणूस जगात उरला होता, आणि त्याच्याकडे काही मागायची मला चीड येत होती.

"म्हणून दाखवा," मी म्हणाले. "आईसारखं. चुकवून."

"आता कशाला?"

"म्हणा म्हणते ना!"

बाबांनी डोळे मिटले. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ खाली उतरली, अगदी तिच्यासारखी. मध्ये ती घ्यायची तो अर्धवट श्वाससुद्धा त्यांनी घेतला. सगळं जसंच्या तसं जपलं होतं या माणसाने, आणि तिला कधी कळू दिलं नव्हतं. राग आणि रडू मला एकदमच आलं.

बाबा थांबले.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढचं मी कधी ऐकलंच नाही," ते म्हणाले. "इथेच मी ओरडायचो."