पाळणा, दोन अक्षरे कमी

सुयोगनगर वसाहत समितीने १९७८ च्या दसऱ्याला काढलेल्या स्मरणिकेच्या तिसऱ्या पानावर असे छापले आहे: “महिलावर्गाच्या एकमुखी व लेखी मागणीस अनुसरून समितीने ‘आनंदबाग’ उभारली असून, तीत बसविलेला भव्य पाळणा ही त्या मागणीची संपूर्ण पूर्तता होय.”

विधान तपासून पाहावे. मागणी महिलांची होती, हे खरे. ती एकमुखी होती, हेही खरे. अर्जाखाली एकशे बारा नावे होती आणि त्यांतल्या एकोणीस नावांपुढे अंगठे होते. लेखी तर ती होतीच. विधानात खोट आहे ती फक्त दोन अक्षरांची. महिलांनी मागितले होते पाळणाघर. समितीने त्यातले ‘घर’ गाळले आणि उरले ते उभारले.

अर्ज लिहिला होता प्रभावती ओव्हाळने. भोसरीच्या बाजूला रेडिओचे सुटे भाग जुळवण्याच्या एका कारखान्यात ती तारेची वेटोळी गुंडाळत असे. तिचा नवरा भीमराज दुसऱ्या कंपनीत फिरत्या पाळीवर होता. दोन वर्षांच्या नीलाला शेजारच्या केसरबाई सांभाळत. त्या केसरबाई भाऊबिजेनंतर मोशीला लेकाकडे कायमच्या जाणार होत्या. म्हणजे दिवाळीपर्यंत वसाहतीत पाळणाघर झाले, तर प्रभावतीची नोकरी राहणार होती. नाही झाले, तर जाणार होती. इतकी साधी गोष्ट होती ती. साधी असल्यामुळेच समितीच्या ध्यानात येण्यासारखी नव्हती.

प्रभावतीचे अक्षर टपोरे. रेघी कागदावर समास सोडून तिने मजकूर लिहिला, तेव्हा पहिल्या पानाची शेवटची ओळ ‘तरी आमच्या वसाहतीत एक पाळणा’ इथे संपली आणि ‘घर’ पुढच्या पानावर गेले. ओळीच्या अखेरीस शब्द तुटला तर आडवी रेघ द्यावी, असे तिला शाळेत शिकवले होते आणि तिने ती दिलीही. समितीचे कार्याध्यक्ष सुरेंद्र राजहंस हे पंप बनवणाऱ्या कंपनीत उपव्यवस्थापक होते, पदवीधर होते आणि घरी त्यांचे काचेचे पुस्तकांचे कपाट होते. त्यांना ती रेघ म्हणजे वाक्याचा शेवट वाटला. पान उलटण्याची त्यांना गरज भासली नाही. पुण्याला बागा आहेत, तलाव आहेत, आपल्या वसाहतीला काय आहे, हे शल्य त्यांना कैक वर्षे बोचत होते. आता खुद्द महिलांनीच पाळणा मागितला म्हटल्यावर त्यांना गहिवरून आले. दुपारी अर्ज वाचला आणि चहाच्या आत ठराव झाला.

श्रावणात पंप कंपनीतला फोरमन ज्योतीराम वही-पेन्सिल घेऊन प्रभावतीच्या दारी आला. पाळण्याचे काम त्याच्याकडे सोपवले होते आणि मागणाऱ्यांना विचारल्याशिवाय नट आवळायचा नाही, ही त्याची रीत होती. त्याने विचारले, पोरे किती असतील?

“धरा चाळीस,” प्रभावती म्हणाली.

“वय?”

“सहा महिन्यांपास्नं चार वर्षांपर्यंत.”

ज्योतीरामची पेन्सिल थांबली. “सहा महिन्यांचं पोर? संगं कुणी?”

“संगं कुणी असतं तर अर्ज कशाला केला असता, भाऊ?”

“आणि एका बारीला किती वेळ ठेवायचं?”

“आठ तास. कुणाला ओव्हरटाइम लागला तर दहा.”

एवढ्या निर्दय आया ज्योतीरामने आजवर पाहिल्या नव्हत्या. तो म्हणाला, “ताई, पोरं घाबरतील हो.”

“पयले दोन दिवस रडतात. मग रुळतात.”

त्याने सगळे जसेच्या तसे टिपून घेतले आणि तो कागद राजहंसांकडे पोचवला. प्रभावतीला त्या भेटीने फार धीर आला. समितीने माणूस पाठवला, वय विचारले, पोरे घाबरतील म्हणून काळजी केली. कुठल्या साहेबाने आजवर एवढे केले होते? तिने केसरबाईंना सांगून टाकले की काळजी करू नका, आमची सोय होतेय.

ज्योतीराम हा अख्ख्या प्रकरणातला एकमेव मन लावून काम करणारा माणूस, आणि म्हणूनच त्याच्या हातून सर्वांत विलक्षण वस्तू तयार झाली. सहा महिन्यांच्या जिवाला आठ तास फिरवायचे, तर गती किती असावी? त्याने भंगारातून दंतचक्रे आणून एकात एक अशी बसवली की चार मजली उंचीचा तो पाळणा एक फेरा बावीस मिनिटांत पुरा करी. वीस डब्यांना आतून मऊ गादी, काठ छातीएवढे उंच, आणि प्रत्येक डब्यावर लाल-हिरव्या मण्यांची माळ. उभ्या भारतात इतका सुरक्षित आणि इतका कंटाळवाणा पाळणा दुसरा झाला नसेल.

दसऱ्याला उद्घाटन झाले. मोठे पाहुणे फीत कापून राजहंसांसह पहिल्या डब्यात बसले. टाळ्या झाल्या. मग टाळ्या थांबल्या, कारण पाळणा हलतो आहे की नाही, याबद्दल खाली दोन तट पडले होते. सनईवाल्याचा दम संपला. बाराव्या मिनिटाला पाहुणे शेंड्यावर पोचले तेव्हा त्यांची मान छातीवर उतरली होती आणि टोपी मांडीवर. पाळण्याने आपले काम चोख बजावले, असा तो पहिला प्रसंग.

त्या गर्दीत प्रभावती नीलाला कडेवर घेऊन उभी होती. पिशवीत जादा झबले, दुधाची बाटली आणि एक लाकडी बाहुली होती. तिने बागेला दोनदा फेरी मारली. मग ज्योतीरामला गाठून विचारले, “भाऊ, पाळणा झाला. घर कुठंय?”

“कसलं घर, ताई?”

तिने सांगितले. ज्योतीरामने आधी पाळण्याकडे पाहिले, मग नीलाकडे.

प्रभावतीने दुसऱ्याच दिवशी नवा अर्ज दिला, या वेळी चार ओळींचा आणि एका पानाचा. तो परत आला. त्यावर शिक्का होता: ‘मागणी पूर्ण. पुनश्च अर्ज करू नये.’ समितीच्या नियमानुसार पूर्ण झालेली मागणी पुन्हा विचारात घेता येत नाही. चुकून पूर्ण झालेल्या मागणीबद्दल नियमात काही नाही. समिती चुकू शकते, ही कल्पना नियम करणाऱ्यांना सुचली नसावी. मागणी पूर्ण झालेली नाही, असे कार्याध्यक्षांनी स्वतः लिहून दिले तरच दार उघडणार होते. दिवाळीला तीन आठवडे उरले होते.

मग एका गुरुवारी सकाळी सव्वासहाला राजहंस पांढरे कॅनव्हासचे बूट घालून नेहमीप्रमाणे बागेत फिरायला आले, तर फाटकातून बायकांची रांग आत येत होती. सगळ्यांच्या अंगावर कारखान्याचे निळे झगे आणि कडेवर पोरे. पाळणा निश्चल होता, कारण ज्योतीरामने त्याचा फ्यूज काढून खिशात टाकला होता. जमिनीलगतचे डबे भरले, तेव्हा उरलेली पोरे हिरवळीवर चादरी अंथरून ठेवण्यात आली. एकूण एकतीस.

“बाई, हे काय चाललंय?” राजहंसांनी विचारले.

“पूर्तता, साहेब,” प्रभावती म्हणाली. “स्मरणिकेत ‘संपूर्ण’ लिवलंय. साडेतीनला न्यायला येतो.”

आणि बायका गेल्या. विजेच्या टंचाईपायी त्या काळी प्रत्येक औद्योगिक पट्ट्याचा सुट्टीचा वार वेगळा असे. या बायकांचा वार गुरुवार होता. राजहंसांच्या कंपनीला सुट्टी रविवारी, आणि आपल्या वसाहतीतल्या बायका कोणत्या वारी घरी असतात, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. बायका गेल्या त्या बागेच्या भिंतीपलीकडे. तिथे त्यांनी न्याहारीचे डबे सोडले.

भिंतीतल्या एका फटीला प्रभावतीने डोळा लावला होता. पाऊण तास तिला मजा वाटली. राजहंसांनी आधी पोरांना शिस्तीत बसण्याची सूचना दिली. मग कडक सूचना दिली. एकाने त्यांचा चष्मा काढला, दुसरीने तो कारंज्यात टाकला, तिसऱ्याने पांढऱ्या बुटांचा रंग बदलला. त्यांनी स्मरणिकेचा गठ्ठा आणवून खेळायला दिला. एका पोराने तिसरे पान चावले आणि थुंकून टाकले. त्या ग्रंथाचे इतके नेमके परीक्षण पुढेही कुणी केले नाही. पण मग नीला रडू लागली आणि प्रभावतीचा एक पाय भिंतीवर गेला. बाकीच्या बायकांनी तिला खाली ओढले. आत्ता गेलीस तर पुढच्या महिन्यापासून रोज घरीच बसशील, असे त्यांनी तिला बजावले. नीला राजहंसांच्या सदऱ्याला नाक पुसून तिथेच झोपली, तेव्हा कुठे आई भिंतीपासून मागे सरली.

साडेअकराला राजहंसांनी हाका मारायला सुरुवात केली. भोसरीहून येणाऱ्या बाईला जितका वेळ लागायला हवा, त्याच्या शंभराव्या हिश्शात प्रभावती हजर झाली. त्यांना त्यात काही वावगे दिसले नाही, चष्मा नव्हता. रजा टाकून थांबलेल्या ज्योतीरामने इतिवृत्ताची वही आणि पेन पुढे धरले. राजहंसांनी लिहिले की महिलांची मागणी पाळणाघराची होती व ती पुरी झालेली नाही. सबब समिती कार्यालयाच्या दोन खोल्या दिवाळीच्या पाडव्यापासून पाळणाघरास द्याव्यात. कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘अनवधानाने’ असे घातले.

“अनवधान म्हंजे काय, साहेब?”

“लक्ष नसणं.”

प्रभावतीने झोपलेली नीला त्यांच्या मांडीवरून उचलली नाही. “मग लक्ष कवा आलं, ते बी लिवा.”

राजहंसांनी तो शब्द खोडला आणि जे लिहिले, ते वहीत आजही तसेच आहे:

“दुसरे पान मी गणेशचतुर्थीस वाचले. ज्योतीरामच्या कागदावर ‘आठ तास’ पाहून मला शंका आली होती. मागणी पाळणाघराची आहे, हे मला तेव्हाच कळले. परंतु तोवर पाहुण्यांनी तारीख दिली होती, आणि पाळणाघरात पाहुण्यांना बसवायचे कुठे, हे मला सुचेना.”