बेटावरच्या विहिरीची जिवाणी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला फडकं म्हणायचं नाही. मी पाणी गाळायचा एक जुना कपडा आहे, जाड सुताचा, दुहेरी शिवलेला. घरातले मला गाळणं म्हणतात आणि मला तेच आवडतं.

माझा जन्म विटा गावातल्या कापडाच्या मागावरचा. सांगलीजवळच्या एका जैन शेतकऱ्याच्या घरी आलो आणि गुणमालाकाकूंच्या हाताखाली कामाला लागलो. रोज सकाळी विहिरीवर मला घागरीच्या तोंडाला बांधायचं, पाणी गाळायचं, मग गाळलेल्या थोड्या पाण्यात मला हळूच खळबळायचं. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव त्यात असतात. जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडायची, तीही बादली पार पाण्याला टेकवून. वरून ओतली तर बिचारे आपटतील ना! पाहुणे पाणी पिऊन "किती गोड" म्हणायचे आणि मी इकडे मनातल्या मनात फुगायचो.

मग घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. झालं, मी कपाटात! एकदा तर माझ्यावर गरम पातेलं ठेवलं. काय सांगू, रडूच कोसळलं मला.

काकूंची लेक चंदना शेतीचं शिकायला जर्मनीला निघाली, तेव्हा काकूंनी मला तिच्या बॅगेत कोंबलं.

"अगं आई, तितलं पाणी लय चांगलं असतंय," चंदना कुरकुरली.

"असू दे गं. माझी आठवण म्हणून ने."

तिथं एकदा आपल्या भागातल्या मुलांनी सहल काढली. भाड्याच्या बोटीनं मोठ्या तळ्यातली बेटं बघायची होती. बोट ठरवली होती तासगावकडच्या दादासोनं. त्याच्या घरी जरबेराची शेती. शेवटचं बेट नुसत्या फुलांचं होतं आणि ते कधी बघतोय असं त्याला झालं होतं.

पहिल्या बेटावर एक दगडी विहीर होती. पाणी पिण्याजोगं असल्याची पाटीही होती. चंदना कठड्याला हात लावून उभीच राहिली. घर सोडल्यापासून ती विहिरीचं पाणी प्यायली नव्हती. तिनं रहाटानं पाणी काढून बाटली भरली, तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला आणि सगळी पळत सुटली. मग पिशवीतून मला काढून पाणी तिनं बोटीतच गाळलं. सगळ्यांनी घोट घोट घेतलं, वा वा केलं. मग सवयीनं तिनं मला पेल्यात खळबळलं आणि जिवाणी सोडायला उठली. बेट मागं राहिलं होतं.

"काय झालं गं?" मिरजेच्या तरन्नुमनं, तिच्या मैत्रिणीनं विचारलं.

"जिवाणी ऱ्हायली. विहिरीत सोडायला पायजे हुती."

दादासो हसला. "तळ्यात वत की! तितं काय पानी कमी हाय व्हय?"

"न्हाई रं. ह्यांचं घर विहिरीत हाय. मीच आणलं त्यांना हितवर."

बोट वळवा, असं काही ती म्हणाली नाही. माघारी गेलं तर परत येईतो फुलांचं बेट बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती दोन्ही हातांनी पेला सांभाळत बसली. डबे उघडले, धपाटी निघाली, तरी पोरगी जेवेना.

"आण हिकडं," तरन्नुम म्हणाली. "तू खा आदी. एक थेंब सांडला तर नावाची तरन्नुम न्हाई."

एवढ्यात फुलांचं बेट दिसू लागलं. तांबडे, पिवळे पट्टेच्या पट्टे! दादासो पुढं जाऊन बघत राहिला. मग त्यानं मागं पेल्याकडं बघितलं. पुन्हा फुलांकडं बघितलं.

"काय पोरी हायसा तुमी!" तो करवादला आणि तरातरा नाववाल्याकडं गेला. त्याचं जर्मन मोडकंतोडकं, पण हातवारे जोरात. बोट वळली.

विहिरीवर चंदनानं जिवाणी बादलीत ओतली. दादासोनं रहाट अगदी हळू सोडला. बादली पाण्याला टेकली, कलली. तो कठड्यावरून वाकून आत बघत राहिला.

"पोचली का गं घरी?" त्यानं विचारलं.

कुणी हसलं नाही. सगळीच घरापासून किती लांब आली होती!

"पोचली," चंदना म्हणाली आणि तिला रडू फुटलं. तरन्नुमनं तिला जवळ घेतलं. डोळे पुसायला हाताशी मीच होतो. एरवी मला असलं काम चालत नाही, पण त्या दिवशी एक अक्षर बोललो नाही.

मित्रांनो, आता मी मधोमध विरलोय. चंदना मला नीट पिळून सावलीत वाळत घालते, मला तेवढं पुरे. तुम्हाला मात्र एक विनवणी आहे. चुकून कुणाला त्याच्या घरापासून लांब नेलंत, मग ते डोळ्यांना दिसणार नाही एवढं लहान का असेना, त्याला परत नेऊन सोडा. बोट वळवावी लागली तरी वळवा.